एजन्सीमार्फत कंत्राटी काम करणाऱ्यांनो, माझे ३,९९,००० रुपये असे बुडाले

पुण्यातील एका रिक्रूटमेंट एजन्सीमार्फत मी एप्रिल २०२४ पासून तिच्या क्लायंटसाठी सॉफ्टवेअर टेस्टिंगचे काम केले. दरमहा ९५,००० रुपये ठरले होते. एप्रिल आणि मे महिन्यांचे पैसे दहा टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा आयकर) कापून, प्रत्येकी ८५,५०० रुपये, जूनअखेर जमा झाले. पुढच्या चार महिन्यांचे ३,८०,००० रुपये आजतागायत मिळालेले नाहीत आणि कापलेले १९,००० रुपयेही सरकारजमा झालेले नाहीत.

टीडीएसची गोष्ट मला वेळेत कळली होती, हेच अजून टोचते. ऑगस्टच्या मध्यात फॉर्म २६एएस, म्हणजे माझ्या नावे जमा झालेल्या कराचा आयकर खात्याकडचा तक्ता, उघडला, तेव्हा त्यात एजन्सीची एकही नोंद नव्हती. एजन्सीने भरायच्या पहिल्या तिमाहीच्या टीडीएस विवरणपत्राची मुदत तर ३१ जुलैलाच संपली होती. जी कंपनी सरकारचे पैसे दाबून ठेवते ती माझे काय देणार, हे त्याच रात्री समजायला हवे होते. मी फोन केला, "सीए बदललाय, पुढच्या तिमाहीत दिसेल," असे उत्तर मिळाले, आणि मी पुन्हा कामाला लागलो. मी बेसावध नव्हतो. करार दोन अनुभवी मित्रांना दाखवला होता, पण ‘क्लायंटकडून रक्कम मिळाल्यावर’ पैसे देण्याचे कलम आम्हा तिघांनाही नेहमीचेच वाटले. ते खोडून बिलाच्या तारखेपासून मुदत लिहून घ्या, नाहीतर सही करू नका. क्लायंटने सगळी रक्कम एजन्सीला केव्हाच दिली होती, हे मला ऑक्टोबरमध्ये क्लायंटच्याच मॅनेजरकडून समजले.

पोलीस चौकीत "हा दिवाणी मामला आहे" एवढेच ऐकायला मिळाले आणि अर्जाची पोच घ्यायलाही दोन तास बसावे लागले. कामगार कार्यालयाने करारातील ‘सल्लागार’ या शब्दावर बोट ठेवून मला परत पाठवले. एमएसएमईडी कायदा, २००६ प्रमाणे लघुउद्योजकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात आणि उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते, म्हणून अशा थकबाकीच्या तक्रारींसाठीच्या सरकारी समाधान पोर्टलवर गेलो. तेथे माझी उद्यम नोंदणी (लघुउद्योजक म्हणून सरकारकडे होणारी नोंदणी) ऑक्टोबरची असल्याने आधीच्या कामाला संरक्षण नाही, असे सांगण्यात आले. ज्याला कामगारही मानायचे नाही आणि व्यावसायिकही मानायचे नाही, त्याने दाद मागायची तरी कोणाकडे? उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि विनाशुल्क होते; काम सुरू करण्याआधीच ती करा.

क्लायंटने मंजूर केलेली टाइमशीटही (कामाच्या तासांची नोंद) दरमहा स्वतःच्या ई-मेलवर घेत जा. क्लायंटकडील माझे खाते बंद झाले तेव्हा चारपैकी दोनच माझ्या हाती होत्या, आणि दिवाणी दाव्याला आता तेवढ्याच जोडता आल्या आहेत.