शिसवीची म्हणून विकलेली एमडीएफची बीटल

बडोद्यात १८,५०० रुपयांना विकली गेलेली फोक्सवॅगन बीटलची लाकडी प्रतिकृती पहिल्याच पावसाळ्यात मडगार्डच्या कडेला फुगली. पोटावरच्या पितळी पट्टीवर ‘शिसवी, संपूर्ण हातकाम, १:१२, ५० पैकी ७’ असं कोरलेलं. फुगलेली कड खरवडली तर आत गोंदानं दाबलेले लाकडाचे बारीक तंतू, म्हणजे एमडीएफ. वरच्या लाकडाच्या रेषा छापील फिल्मच्या होत्या. ही फिल्म पाण्यावर तरंगत ठेवून तीत वस्तू बुडवतात, त्यामुळे गोलाईवरही सुरकुती पडत नाही. वरून लॅकर मारलं की फोटोत भल्याभल्यांना ओळखू येत नाही.

हातात घेतल्यावर मात्र येतं. वजनावर जाऊ नका, एमडीएफही चांगलं जड असतं. टप पाहा. खऱ्या लाकडात घुमट कोरला की वाढीची वलयं कापली जातात आणि नकाशातल्या उंचीच्या रेषांसारखे एकात एक लंबगोल उमटतात. बीटलच्या टपावर ते इतके देखणे दिसतात की फसवणारा नेमका इथेच उघडा पडतो: या गाडीच्या रेषा टपावरून बॉनेटपर्यंत सरळ धावत होत्या. मग गाडी उलटी करा. वरची रेघ कडेवरून वळून पोटाशी जुळायला हवी. पोटाला वेल्वेट चिकटवलं असेल तर ते काढून दाखवायला सांगा.

माप घ्यायला पट्टी पुरते. बीटलचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर, २,४०० मिमी, म्हणजे १:१२ ला २०० मिमी. इथे भरला १८६.

चाकांबाबत उलटा न्याय आहे. लाकूड रेषांना आडवं फुगतं, रेषांच्या दिशेनं जवळपास नाहीच. त्यामुळे फळीतून कापलेलं ५४ मिमीचं चाक पावसाळ्यात अर्धा मिमी लंबगोल होऊ शकतं. त्यावरून कारागिराला लबाड ठरवू नका. इथली चाकं भर पावसात व्हर्निअरला दोन्ही बाजूंनी सारखी भरली, कारण तीही एमडीएफचीच. शंका असेल तर लाकडी खरादकामासाठी प्रसिद्ध असलेल्या संखेड्याच्या एखाद्या खराद्याला दाखवा, एका नजरेत सांगेल.

असं एक मॉडेल हातानं करायला एका माणसाला तीन आठवडे सहज लागतात. पन्नास नग म्हणजे जवळपास तीन वर्षं! विक्रेता पंधरा दिवसांत ‘शेवटचे चार उरलेत’ म्हणत होता. पितळी पट्टीही दुहेरी टेपनं चिकटवलेली, म्हणजे आकडा हवा तेव्हा बदलता येतो. क्रमांक लाकडातच डागलेला मागा, आणि कोरण्याआधीच्या ठोकळ्याचा फोटो त्या दिवशीच्या वर्तमानपत्रावर ठेवून मागा. आगाऊ २५ टक्क्यांवर देऊ नका. या व्यवहारात सगळी रक्कम आधीच यूपीआयनं गेली होती.

पैसे घेऊन विक्रेता गायब झाला तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, माल खोटा निघाला तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला. सगळी गाडी खरवडून टाकू नका. फुगलेली कड, खोका, त्यावरचं लेबल आणि चॅटचे स्क्रीनशॉट तक्रारीसाठी जपून ठेवा.