बिअरचं भांडं विजेवर: आत एलिमेंट की खाली इंडक्शन?

न्यू जर्सीत घरी बिअर करणारा मावसभाऊ अडलाय: स्टीलच्या भांड्याला भोक पाडून 5500 वॉटचं एलिमेंट बसवावं, की 1800 वॉटची इंडक्शन शेगडी घ्यावी?

वेळेत बरोबरीच नाही. 25 लिटर वर्ट (बिअरसाठी काढलेला माल्टचा गोड रस) 67 अंशांवरून उकळीला न्यायला एलिमेंटला दहा-अकरा मिनिटं; इंडक्शनला पाऊण तास, तोही भांडं जाड गुंडाळून.

खर्चाचं उलट. एलिमेंटला 240 व्होल्टची वेगळी लाइन, जीएफसीआय ब्रेकर (वीज गळली की लगेच बंद करणारा), कंट्रोलर हवा. इंडक्शन 120 व्होल्टच्या साध्या प्लगवर चालते. भांड्याच्या बुडाला चुंबक चिकटला म्हणजे झालं. धुणंही सोपं. एलिमेंटवर तपकिरी थर धरतो, आणि कोरडं चालू राहिलं तर ते जळतंच.

दहा लिटरच्या घाण्याला इंडक्शन पुरे. नेहमी वीस लिटर करणाऱ्याने एलिमेंटच बसवावं, पण वायरिंग इलेक्ट्रिशियनकडूनच, अर्थिंगसकट.