मनगटदुखी, बधिर बोटं आणि रेकी : आठ महिन्यांचा अनुभव

मालवणजवळ आमचं निवास-न्याहारीचं घर आहे, चार खोल्यांचं. दिवाळी ते मे पंगती उठत नाहीत, आणि प्रत्येक पाहुण्याला सोलकढी लागतेच. म्हणजे रोज दहा-बारा नारळ खवायचे, चव वाटायचा आणि पंचात घालून पिळायचा. पिळताना एक मनगट इकडे वळतं, दुसरं तिकडे, बोटं आवळलेली, आणि शेवटचा दाट थेंब पडेपर्यंत हात सुटत नाही. पंधरा वर्षं मी हे केलं.

गेल्या दिवाळीनंतर उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं रात्री तीनच्या सुमारास बधिर व्हायला लागली. आधी मुंग्या, मग आग. उठून हात झटकला की थोडं बरं वाटायचं. तेल चोळलं, मिठाच्या पुरचुंडीने शेकलं, निगडीचा पाला बांधला. सीझन तोंडावर, दवाखान्यात जाऊन बसायला वेळ कुठला! शेजारच्या वाडीतल्या एक निवृत्त शिक्षिका रेकी देतात, म्हणजे तळव्यांतून ऊर्जा देऊन आराम पाडायची पद्धत; त्यांच्याकडे नोव्हेंबरात जायला लागले. आठवड्यातून दोनदा, चाळीस मिनिटं, तीनशे रुपये.

पहिल्या दिवशी त्यांनी मला खाटेवर आडवं केलं, दुखरा हात उशीवर ठेवला आणि आपले तळवे मनगटावर बोटभर अंतरावर धरले. ऊब जाणवली. बाहेर माडाच्या झावळ्यांचा आवाज, आणि कोणी मला हाक मारत नव्हतं. पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत माझ्या हाताला कोणी असं अलगद सांभाळलेलं मला आठवत नाही. मी रडले, मग गाढ झोपले. उठले तेव्हा खांदा आणि मान खरोखर हलकी झाली होती. बाईंनी सांगितलं, ही पद्धत जपानच्या मिकाओ उसुई यांची, 1922 साली कुरामा डोंगरावरच्या साधनेतून त्यांना गवसलेली. 'आजच्या दिवसापुरती काळजी करू नकोस', हे त्यांचं तत्त्व मी अजून रोज सकाळी म्हणते.

पण मला हिशोब ठेवायची सवय. रात्री बधिरपणाने जाग आली की सकाळी कॅलेंडरवर काळा ठिपका, रेकीच्या दिवशी लाल गोल. डिसेंबरच्या 31 रात्रींपैकी 24 वर ठिपके पडले. लाल गोल आठ, त्यातल्या सहांवरही ठिपका होताच. रेकीच्या रात्री झोप लवकर लागायची, हे खरं. तीनची जाग मात्र चुकत नव्हती.

जानेवारीत कालवणाची भरलेली पळी हातातून सुटली. नशीब, शेजारी नातू नव्हता. बाईंना सांगितलं तर त्यांनी माझा हात हातात घेतला, अंगठ्याखालचा उंचवटा चाचपला आणि म्हणाल्या, "गो बाय, ह्या माझ्या हातातला नाय. आधी डाक्टराक दाखय." त्या दिवशी त्यांनी पैसे घेतले नाहीत. त्यांच्याबद्दल मला आदर आहे तो यासाठी.

डॉक्टरांनी दोन्ही मनगटं वाकवून हातांच्या मागच्या बाजू एकमेकींना मिनिटभर टेकवायला लावल्या. तेवढ्यात मुंग्या आल्या. करंगळीला काही होत नाही ना, हे त्यांनी दोनदा विचारलं. नाव निघालं कार्पल टनेल सिंड्रोम. मनगटातल्या अरुंद बोगद्यातून मीडियन नावाची नस आणि बोटं वाकवणाऱ्या नऊ कंडरा जातात, आत सूज आली की नस चेपते. करंगळी दुसऱ्या नसेवर चालते, म्हणून ती सुटते. एनसीव्ही तपासणीत बारीक करंटचे झटके देऊन नस किती मंदावली ते पाहिलं. रक्तात थायरॉइडही कमी निघालं, आणि त्यानेही हा त्रास होतो. दोन महिने मी तळव्यांची ऊब घेत होते, आणि अर्धं कारण रक्तात होतं. उपाय साधा निघाला: थायरॉइडची गोळी, रात्री मनगट सरळ ठेवणारा आतून पट्टी असलेला पट्टा, आणि पिळणं बंद. आता चव मिक्सरला दोनदा फिरवून चाळणीत घालते आणि वाटीने दाबते. रस थोडा कमी निघतो, नारळ एक जास्त लागतो, चालतं.

मधे एक चूक केली. फोनवरून दुरून ऊर्जा पाठवणाऱ्या एकाने एकवीस दिवसांचे 2,100 रुपये घेतले आणि पट्ट्याने ऊर्जा अडते म्हणून तो काढायला सांगितला. मी नऊ रात्री पट्टा बांधला नाही. नवव्या रात्री पहिल्यासारखी आग झाली. असं सांगणाऱ्यावर मला आजही राग येतो, कारण चेपलेली नस जास्त दिवस तशीच राहिली तर अंगठ्याचा स्नायू झिजतो.

फेब्रुवारीत नऊ ठिपके, मार्चमध्ये चार, मे महिन्यात एक.

मी रेकीची पहिली पायरी शिकलेय म्हटल्यावर नर्सिंग शिकणाऱ्या लेकीने मला एमिली रोझाबद्दल सांगितलं. रेकीसारख्याच थेरप्युटिक टच पद्धतीचे 21 जाणकार घेऊन या अमेरिकन मुलीने शाळेच्या वयात प्रयोग केला. पडद्याआडून तिचा हात आपल्या कुठल्या हातावर आहे हे जाणकारांनी ऊर्जेवरून ओळखायचं. 280 वेळांपैकी 123 वेळा बरोबर आलं, निम्म्याहूनही कमी. 1998 मध्ये तो अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आला. आम्ही पडवीत टॉवेल धरून करून पाहिलं. वीस वेळा केलं, अकरा बरोबर. डोळ्यांना हात दिसतो तेव्हा मला ऊब नक्की कळते, टॉवेलआड कळत नाही. हे मी बाईंनाही सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "तरी येत जा."

मी जाते, महिन्यातून दोनदा. नसेसाठी नाही, त्या चाळीस मिनिटांसाठी. तुमची अंगठ्याकडची बोटं रात्री बधिर होत असतील किंवा हातातून भांडी सुटत असतील, तर आधी तपासणी करा, शुगर आणि थायरॉइडसकट. मग खुशाल रेकी घ्या, पट्टा न काढता.

सध्या पावसाळा आहे, खोल्या रिकाम्या, हाताला विश्रांती. गणपतीला चाकरमानी आले की मोदकांच्या कळ्या पाडायला बसेन. या वर्षी उकड मळायचं काम सुनेने स्वतःकडे घेतलंय.