पडद्यावरचा ‘लाइव्ह’ शनी: आकाशदर्शनाच्या नावाखाली आमची झालेली फसवणूक

डिसेंबर २०२५ मध्ये मुरबाडच्या पुढे, माळशेजच्या वाटेवरच्या एका कॅम्पमध्ये आकाशदर्शनाच्या नावाखाली आम्हा घरच्यांची फसवणूक झाली. माणशी २,२०० रुपये घेऊन त्यांनी आम्हाला शनी म्हणून आधी साठवून ठेवलेला व्हिडिओ दाखवला. हे मी रागाच्या भरात किंवा अंदाजाने म्हणत नाही. त्या रात्री शनी कसा दिसायला हवा होता आणि पडद्यावर कसा दिसत होता, या फरकातच पुरावा आहे. असे कॅम्प आता दर शनिवार-रविवारी होतात आणि मुलांच्या हौसेपोटी लोक पैसे भरतात, म्हणून सगळं तपशिलात लिहिते आहे.

बुकिंग वहिनीने केलं. जाहिरातीत लिहिलं होतं: १४ इंची कॉम्प्युटराइज्ड टेलिस्कोप, शनीची कडी लाइव्ह, आकाशगंगा उघड्या डोळ्यांनी. मागे आकाशगंगेचा तो नेहमीचा फोटो, डोंगरावरून उठलेला दुधाळ पट्टा आणि मधे उभा असलेला एकटा माणूस. तारीख ६ डिसेंबर, शनिवार. दत्तजयंती ४ तारखेला होती, म्हणजे पौर्णिमा होऊन जेमतेम दोन दिवस झालेले. भावाच्या ते लक्षात आलं आणि पैसे भरायच्या आधी त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं, की चंद्राच्या उजेडात आकाशगंगा दिसेल का? उत्तर आलं, “सर, चंद्राचा काही परिणाम होत नाही, आपली दुर्बीण पॉवरफुल आहे.” तो मेसेज आमच्याकडे अजून आहे.

हे उत्तर धादांत खोटं आहे. पौर्णिमेच्या आसपास चंद्राच्या प्रकाशाने सगळं आकाशच उजळतं. अंधुक तारे, तेजोमेघ, दीर्घिका (आपल्या आकाशगंगेसारखे दूरचे ताऱ्यांचे समूह) त्यात बुडून जातात. दुर्बीण मोठी असली की तो उजेडही ती तितकाच गोळा करते. म्हणून आकाशदर्शनाचे जुने, प्रामाणिक गट अमावास्येच्या जवळचा शनिवार धरतात. चंद्रच बघायचा असेल तर तोही पौर्णिमेला बघत नाहीत. तेव्हा ऊन चंद्रावर समोरून पडतं, विवरांच्या सावल्या जवळपास नाहीशा होतात आणि सगळं सपाट दिसतं. शुद्ध अष्टमीच्या आसपास जिथे उजेड आणि अंधाराची सीमा असते, तिथे विवरांच्या कडा आणि डोंगर असे उठून येतात की बघणारा जागचा हलत नाही.

आणि जाहिरातीतल्या त्या फोटोतला आकाशगंगेचा भाग डिसेंबरच्या रात्री दिसतच नाही. तो आहे धनु राशीच्या दिशेचा, आकाशगंगेच्या केंद्राकडचा. डिसेंबरात सूर्यच त्या भागात असतो, त्यामुळे तो भाग सूर्याच्या आगेमागे उगवतो आणि मावळतो. आपल्याकडे तो नीट बघायचा तर मार्चमध्ये पहाटे, एप्रिल-मेमध्ये मध्यरात्रीच्या आगेमागे. त्यानंतर पावसाळा सुरू होतो आणि मग थेट ऑक्टोबरात संध्याकाळी थोडा वेळ मिळतो. हिवाळ्यातही आकाशगंगा असते, मृग आणि मिथुनाच्या बाजूने जाते, पण फार फिकी. ती दिसायला काळोखी रात्र हवी.

कॅम्पवर पोहोचलो तर झाडाझाडांवर दिव्यांच्या माळा आणि कोपऱ्यात मोठ्या आवाजात स्पीकर. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एकदा पांढरा दिवा डोळ्यांवर आला की ती सवय मोडते. म्हणून जाणकार लोक लाल कागद लावलेली विजेरी वापरतात. चंद्र साडेसातच्या सुमारास उगवणार होता. त्याआधीचा जो थोडा काळोख मिळाला असता, तो बार्बेक्यू आणि अंताक्षरीत गेला. कार्यक्रम सुरू झाला नऊ वाजता, पूर्वेला चंद्र चांगला वर आल्यावर.

दुर्बीण बघताच मला शंका आली. १४ इंची दुर्बिणीचं तोंड दीड वितीहून रुंद असतं, त्या वर्गातली नुसती नळीच वीस किलोच्या घरात जाते आणि ती माउंटवर, म्हणजे दुर्बीण धरून फिरवणाऱ्या स्टँडवर, चढवायला दोन माणसं लागतात. इथली दुर्बीण एका पोराने काखेत धरून आणली. नळीच्या पट्टीवर बारीक अक्षरांत १३० मिलिमीटर लिहिलं होतं, म्हणजे पाच इंचांच्या आसपास. पाच इंची दुर्बीण वाईट नाही. गॅलिलिओने १६१० साली गुरूचे चार चंद्र पाहिले ते जेमतेम वीस पट वर्धनाच्या दुर्बिणीतून, आणि तिचं भिंग याहून पुष्कळ लहान होतं. पण दुर्बिणीची खरी ताकद ती किती प्रकाश गोळा करते यात असते, आणि ते भिंगाच्या किंवा आरशाच्या क्षेत्रफळावर ठरतं. १४ इंचाचा आरसा १३० मिलिमीटरच्या आरशाच्या सातपटीहून जास्त प्रकाश गोळा करतो. १४ इंचांचे पैसे घेऊन पाच इंची उभी करणं ही पहिली फसवणूक.

दुसरी फसवणूक जास्त हुशारीची होती. दुर्बिणीला डोळा लावायच्या जागी एक छोटा कॅमेरा, त्यातून निघालेली वायर आणि वायरच्या टोकाला लॅपटॉप. दुर्बिणीवाल्या सरांनी सांगितलं, रांग लावायची गरज नाही, शनी थेट पडद्यावर येईल. आला. मोठा, पिवळसर, रेखीव, भोवती रुंद उघडी कडी, मधली काळी फटसुद्धा स्पष्ट. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

शनी सूर्याभोवती साडेएकोणतीस वर्षांत एक फेरी घालतो आणि त्याचा अक्ष कललेला असल्यामुळे त्याची कडी आपल्याला कधी उघडी तर कधी कडेवर, म्हणजे बाजूने बघितलेल्या ताटलीसारखी नुसती रेषा, दिसतात. २०१७ साली ती सर्वांत जास्त उघडी होती. मार्च २०२५ मध्ये पृथ्वी कड्यांच्या प्रतलातून गेली, आणि नोव्हेंबरच्या अखेरीस ती पुन्हा जवळपास कडेवर आली, कल अर्ध्या अंशाहून कमी. या कड्यांचा पसारा पावणेतीन लाख किलोमीटरच्या आसपास असला तरी त्यांची जाडी बहुतेक ठिकाणी काही दहा मीटरच आहे. त्यामुळे ६ डिसेंबरच्या रात्री कुठल्याही दुर्बिणीतून शनी दिसला असता तो मण्यातून सुई आरपार गेल्यासारखा. हाच प्रकार १६१२ मध्ये गॅलिलिओला गोंधळात पाडून गेला होता. आधी शनीच्या दोन्ही बाजूंना दिसलेलं काहीतरी अचानक नाहीसं झालं होतं. ती कडी आहेत हे पुढे डच शास्त्रज्ञ ह्युजेन्सने उलगडलं.

म्हणजे पडद्यावर दिसत होता तो त्या रात्रीचा शनी नव्हता. असलाच तर बऱ्याच वर्षांपूर्वीचा.

मी काही बोलायच्या आत आणखी एक गोष्ट झाली. एका लहान मुलाचा पाय ट्रायपॉडला लागला. नळी जोरात हलली, पण पडद्यावरचा शनी जागचा हलला नाही. पृथ्वी फिरते म्हणून आकाश दर मिनिटाला पाव अंश सरकतं. शंभर पट वर्धनाला साधारण अर्धा अंश आकाश दिसतं, म्हणजे मधोमध आणलेला ग्रह मिनिटाभरात कडेबाहेर जातो. माउंटला मोटर नसेल तर हाताने सतत मागोवा घ्यावा लागतो, आणि त्या माउंटला मोटर नव्हती. शिवाय खरा ग्रह हवेमुळे पाण्याखालच्या वस्तूसारखा थरथरतो. हा शनी चित्रासारखा स्थिर होता. माझी आठवीतली भाची मोठ्याने म्हणाली, “सर, दुर्बिणीच्या तोंडावर झाकण लावून बघू या ना.” त्यावर उत्तर आलं की झाकण लावलं तर सेन्सर खराब होतो. झाकण लावल्याने कुठलाही सेन्सर खराब होत नाही. ते लावून घेतलेल्या काळ्या फोटोंचा उपयोग तर छायाचित्र साफ करायला करतात. मुलीचा प्रश्न शंभर टक्के बरोबर होता आणि तिला सगळ्यांसमोर गप्प बसवलं गेलं.

कड्यांबद्दल मी विचारलं तेव्हा सर म्हणाले, “मॅडम, सॉफ्टवेअर थोडं एन्हान्स करतं.” कुठलंही सॉफ्टवेअर कडेवरची कडी सत्तावीस अंशांनी उघडून दाखवत नाही. आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, लावून डोळ्याने बघू द्या म्हटलं तर आधी कॅमेरा काढता येत नाही म्हणाले. मग चार-पाच कुटुंबांनी आवाज चढवल्यावर काढला आणि चंद्र दाखवला. नैर्ऋत्येला उंचावर खरा शनी साध्या डोळ्यांना स्वच्छ दिसत होता. दुर्बीण तिकडे वळवायला दोन मिनिटं लागली असती. त्यांनी ती वळवली नाही. मला वाटतं, त्यांना ती वळवता येत नव्हती.

यापुढचा प्रकार लिहिताना मला अजून राग येतो. जेवणानंतर ‘ताऱ्याला नाव द्या’ म्हणून प्रमाणपत्रं विकायला काढली, एकेक १,१०० रुपयांना. वहिनीचे वडील गणपतीच्या दिवसांत गेले. वहिनीच्या आईंनी त्यांच्या नावाने एक घेतलं. दुर्बिणीवाल्याने हिरवा लेझर वर केला आणि म्हणाला, “आजी, तो बघा, आजोबांचा तारा.” लेझरच्या टोकाला रोहिणी होती. आपल्या सत्तावीस नक्षत्रांतली रोहिणी, पंचांगात जिचं नाव छापून येतं ती. आजी हात जोडून उभ्या राहिल्या. त्या क्षणी त्यांना काही सांगायचं कुणाला धैर्य झालं नाही. घरी आल्यावर वहिनीने सांगितलं.

ताऱ्यांची अधिकृत नावं आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघ ठरवतो आणि तो नावं विकत नाही. प्रमाणपत्र देणाऱ्याच्या स्वतःच्या वहीपलीकडे त्या नावाला कुठेही नोंद नसते. २०१९ मध्ये संघाने देशोदेशीच्या लोकांना एकेक तारा आणि त्याचा ग्रह नाव ठेवायला दिला होता. भारताच्या वाट्याला आलेल्या एचडी ८६०८१ या ताऱ्याचं नाव भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधरी यांच्यावरून ‘बिभा’ आणि ग्रहाचं ‘संतमस’ ठेवलं गेलं. ते नाव कुणी विकत घेतलेलं नव्हतं.

परत आल्यावर आम्ही लेखी पैसे मागितले. उत्तर: “निसर्ग आमच्या हातात नाही, नो रिफंड.” ढग आले असते तर आम्ही एक शब्द बोललो नसतो. पण त्या रात्री आकाश निरभ्र होतं, आणि पौर्णिमा कधी आहे हे प्रत्येकाच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर छापलेलं असतं. आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली. सोबत जाहिरातीचा स्क्रीनशॉट, चंद्राबद्दलचा तो मेसेज, नळीवरच्या पट्टीचा फोटो आणि भाचीने काढलेला पडद्याचा व्हिडिओ. तक्रार गेल्यावर प्रमाणपत्राचे १,१०० रुपये परत आले. कॅम्पचे आलेले नाहीत. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची आहे. २०१९ च्या कायद्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. आम्ही ती करणार आहोत. त्या रात्री तिथे असलेली आणखी दोन कुटुंबं बरोबर आहेत.

पैसे भरून जायचंच असेल तर आधी विचारा: दुर्बिणीचा व्यास किती मिलिमीटर, प्रत्येकाला आयपीसला डोळा लावून बघायला मिळणार का, आणि त्या रात्री नेमकं काय काय दिसणार आहे? जाणकार माणूस लगेच यादी सांगतो, आणि हेही सांगतो की देवयानी दीर्घिका फोटोतल्यासारखी रंगीत न दिसता करड्या धुरकट ठिपक्यासारखी दिसेल. अशी माणसं आपल्याकडे भरपूर आहेत. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हे काम करते आहे. मुंबईच्या खगोल मंडळाबरोबर कॉलेजात असताना वांगणीला मी पहिल्यांदा शनी पाहिला. तो लहानसा होता, थरथरत होता, आणि त्यासाठी रांगेत बराच वेळ उभं राहावं लागलं होतं. त्यांच्यातल्या कुणीही तो मोठा करून सांगितला नाही.

आम्हाला फसवणाऱ्या त्या कॅम्पवाल्यांची नवी जाहिरात परवा फिरत आली आहे: ‘मिल्की वे नाइट’, शनिवार ३१ जानेवारी २०२६. १ फेब्रुवारीला माघ पौर्णिमा आहे. त्या रात्री चंद्र संध्याकाळपासून पहाटेपर्यंत आकाशात असेल आणि आकाशगंगा दिसणार नाही. अमावास्या १८ जानेवारीला आहे, म्हणजे काळोखी रात्र १७ तारखेच्या शनिवारी मिळते. ज्यांनी ३१ तारखेचे पैसे भरले असतील त्यांनी आजच लेखी कळवून ते परत मागावेत, आणि फोनवर बोलणं झालं तरी तेच पुन्हा मेसेजवर लिहून ठेवावं.