कोडइग्नायटर २ वरची जुनी साइट: शाकारायची की पाडून बांधायची?

होस्टिंगवाल्यांचा मेल येतो, अमुक तारखेपासून पीएचपी ५.६ बंद. पीएचपी म्हणजे साइट ज्या भाषेत लिहिलेली असते ती. तुमची साइट कोडइग्नायटर २ वर, म्हणजे पीएचपीत साइट बांधायच्या एका तयार सांगाड्याच्या (फ्रेमवर्कच्या) जुन्या आवृत्तीवर आहे. ती ज्याने बांधली तो केव्हाच पुण्याला नोकरीला गेला. अशा वेळी हातात दोन रस्ते असतात. तीच साइट कोडइग्नायटर ३ वर सरकवायची, किंवा कोडइग्नायटर ४ मध्ये सगळी नव्याने लिहायची.

मी दोन्ही केलंय. तारकर्लीजवळच्या एका निवास-न्याहारीची साइट आधी ४ मध्ये नव्याने लिहिली. पुढच्या वर्षी देवगडातल्या एका आंबा बागायतदारांची साइट ३ वर नेली. दोन्ही आज चालू आहेत, दोन्ही मालक समाधानी आहेत. तरी पुन्हा वेळ आली तर मी बहुधा ३ च्या वाटेने जाईन. त्याचं कारण वेगाशी किंवा सोयीशी फारसं नाही, देवनागरीशी आहे.

मेल नवा असला तरी दुखणं जुनं आहे. ५.६ च्या सुरक्षा दुरुस्त्या ३१ डिसेंबर २०१८ लाच थांबल्या. नुसती पीएचपीची आवृत्ती बदलून भागत नाही, कारण मायएसक्यूएल डेटाबेसशी बोलायला जुन्या साइट ज्या ‘मायएसक्यूएल’ एक्स्टेन्शनवर उभ्या असतात ते ७.० मध्ये काढूनच टाकलं. होस्टिंगच्या सी-पॅनेलमध्ये आवृत्ती बदलली की पांढरं पान येतं. त्या पांढऱ्या पानाने घाबरू नका. प्रॉडक्शनवर, म्हणजे लोकांसाठी चालू साइटवर, कोडइग्नायटर चुका दाखवत नाही, एवढाच त्याचा अर्थ. कॉन्फिगमध्ये लॉगची, म्हणजे चुकांच्या नोंदवहीची, पातळी १ करा, लॉग फोल्डरला लिहिण्याची परवानगी द्या आणि तिथे काय येतं ते वाचा. बहुतेकदा पहिल्या ओळीतच उत्तर असतं.

आवृत्ती ३ आली मार्च २०१५ मध्ये, ४ आली फेब्रुवारी २०२० मध्ये. आकडे शेजारी असले तरी अंतर सारखं नाही. २ आणि ३ एकाच घरातली आहेत, तर ४ पूर्ण नव्याने लिहिलेलं आहे. २ वरून ४ वर ‘अपग्रेड’ करून देतो असं कुणी म्हणालं, तर तो नवी साइट लिहून देणार आहे असं समजा आणि दर त्या हिशेबाने ठरवा.

आमच्याकडे पावसाआधी घर शाकारतात. कौलं उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, कुजलेली रीप बदलायची आणि पुन्हा रचायची. जांभ्याच्या भिंतींना कुणी हात लावत नाही. २ वरून ३ वर जाणं मला तसं वाटतं. सिस्टम फोल्डर नवा ठेवायचा, ॲप्लिकेशन फोल्डर तोच, आणि त्यातल्या ठरावीक जागा बदलायच्या. या जागा अधिकृत मार्गदर्शिकेत लिहिलेल्या आहेत, त्या सगळ्या इथे सांगत नाही. पण दोन ठिकाणी माझा वेळ गेला, तेवढ्या सांगतो.

पहिली जागा फाइलींच्या नावांची. ३ मध्ये कंट्रोलर (पानाची मागणी हाताळणारा कोड) आणि मॉडेल (डेटाबेसशी बोलणारा कोड) यांच्या फाइलचं पहिलं अक्षर कॅपिटल लागतं. विंडोजच्या लॅपटॉपवर लहान-मोठं अक्षर सारखंच, त्यामुळे घरी सगळं झकास चाललं. लिनक्स सर्व्हरवर चढवलं आणि प्रत्येक पानाला ४०४, म्हणजे ‘पान सापडलं नाही’. त्यात कोडमधल्या बदलांच्या नोंदी ठेवणारं गिट विंडोजवर असा बदल सहसा टिपतच नाही. नाव बदललंय असं आपल्याला दिसतं, सर्व्हरवर जुनंच जातं. शेवटी गिटच्याच हलवण्याच्या आदेशाने एकेक नाव बदललं तेव्हा सुटलं. दुसरी जागा सेशनची, म्हणजे कोण लॉगिन झालंय ते लक्षात ठेवणाऱ्या नोंदीची. २ मध्ये सेशन मूळ कॉन्फिगने कुकीतच राहायचं, ३ मध्ये ते फाइलमध्ये जातं. फाइल ठेवायचा पूर्ण पत्ता दिला नाही, तर लॉगिन होतं आणि पुढच्याच क्लिकला पुन्हा लॉगिनचं पान समोर येतं. पासवर्ड बरोबर असूनही असं होत असेल, तर आधी हे तपासा.

आता ४ बद्दल. लिहायला ४ नक्कीच जास्त सुखाचं आहे. डीबग टूलबार पानाच्या तळाशीच क्वेरी, म्हणजे डेटाबेसला दिलेले आदेश, दाखवतो, डेटाबेसच्या रचनेतले बदल मायग्रेशन फाइलींत नीट नोंदले जातात, पासवर्ड वगैरे वेगळ्या एन्व्ह फाइलमध्ये राहतात. नव्या मुलाला शिकवायचं तर मी ४ च शिकवेन. जुन्या साइटच्या बाबतीत मात्र एक गोष्ट लक्षात घ्या. जुन्या आवृत्त्यांत पानाच्या वेब-पत्त्यावरून कंट्रोलर आपोआप सापडायचा. ४.२ पासून हे मूळ कॉन्फिगमध्ये बंद आहे. सगळे जुने पत्ते राउटमध्ये, म्हणजे कुठला पत्ता कुठल्या कंट्रोलरकडे जातो त्या यादीत, हाताने लिहावे लागतात, नाहीतर ते चालू करून घ्यावं लागतं. बागायतदारांच्या पेट्यांवर क्यूआर छापलेला असतो, आणि छापील खोकी दोन-दोन हंगाम पुरतील एवढी घेतलेली असतात. तो क्यूआर मुंबईत कुणीतरी अक्षय्य तृतीयेला स्कॅन करणार आणि पान नाही म्हणून येणार, हे मला परवडणारं नव्हतं. ३ वर तो प्रश्नच आला नाही.

पण माझा कौल ठरला तो या कशानेच नाही.

निवास-न्याहारीची नवी साइट मी डिसेंबरात रात्री चढवली, नाताळची गर्दी सुरू व्हायच्या आधी. सकाळी बघतो तर खोल्यांच्या नावांच्या जागी विचित्र अक्षरं. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, त्याच्यापुढे चार शिंगं फुटलेलं गोल चिन्ह, मध्येच जपानी येनची खूण, आणि पुन्हा तोच ए. मला वाटलं फॉन्ट. मग वाटलं पानाच्या हेडरमध्ये यूटीएफ-८ (देवनागरीसह सगळ्या लिप्या साठवायची पद्धत) लिहायचं राहिलं. मग व्ह्यू, म्हणजे पानांचे साचे, तपासले, मग जुनी आणि नवी फाइल कुठल्या एन्कोडिंगमध्ये सेव्ह झाली तेही तपासलं. सगळंच नवं लिहिलेलं असल्यामुळे संशय कुणावरही घेता येत होता. दोन दिवस असे गेले.

खरं कारण असं. जुना डेटाबेस तयार झाला तेव्हा मायएसक्यूएलची मूळ अक्षरमाला लॅटिन-१ होती, तीत फक्त रोमन अक्षरं आणि काही खुणा बसतात. यूटीएफ-८ एमबी-४, म्हणजे पूर्ण यूटीएफ-८, ही मूळ झाली ती मायएसक्यूएल ८.० मध्ये. जुन्या साइटची डेटाबेसशी जोडणीही लॅटिन-१ होती. देवनागरीचे बाइट लॅटिनच्या पोत्यात भरले जात आणि त्याच पोत्यातून तसेच बाहेर येत. ब्राउझर त्यांना देवनागरी समजून दाखवायचा, म्हणून वर्षानुवर्षं कुणाला काही कळलं नाही. नव्या साइटची जोडणी यूटीएफ-८ झाली आणि डेटाबेसने मदत म्हणून प्रत्येक बाइट लॅटिन अक्षर समजून रूपांतरित करून दिला. आपल्या अक्षराचा पहिला बाइट नेहमी तोच असतो, म्हणून सगळीकडे तो तिरक्या रेघेचा ए. दुसऱ्या बाइटात गोल चिन्ह किंवा येन. साधी व्यंजनं, काना आणि पहिली वेलांटी गोल चिन्हात येतात. दुसरी वेलांटी, उकार, मात्रा आणि आपले अंक येनमध्ये. ‘हापूस’ लिहिलं तर चार गोल आणि एक येन.

इथपर्यंत सगळं परत मिळण्यासारखं होतं. बाइट जागेवर होते, फक्त चुकीचे वाचले जात होते. घात झाला तो उलट दिशेने. त्या दोन दिवसांत बुकिंगचा फॉर्म चालूच होता. यूटीएफ-८ जोडणीतून लॅटिन-१ च्या रकान्यात देवनागरी टाकली, की डेटाबेसला ते अक्षर तिथे बसवताच येत नाही. स्ट्रिक्ट मोड (चुकीची नोंद नाकारायची सोय) बंद असेल तर तो तक्रार न करता प्रश्नचिन्ह लिहून मोकळा होतो. मूळ बाइट कुठेच राहत नाहीत. तिसऱ्या दिवशी निवास चालवणाऱ्या वहिनींचा फोन आला.

“रे, ही माणसां कोण येतत? नावाच्या जागेर नुसती प्रश्नचिन्हां आसत.”

मी म्हटलं, “वहिनी, फोन नंबर दिसतात ना?”

नंबर दिसत होते, पण दोघांचे नाही. त्यांनी मराठी कीबोर्डवरून नंबरही देवनागरी अंकांत दिला होता, तोही प्रश्नचिन्ह झाला होता. ई-मेल रोमनमध्ये होता म्हणून निभावलं. बाकी सगळ्यांना वहिनींनी स्वतः फोन करून नावं विचारली. नाताळच्या तोंडावर, स्वयंपाकघर सोडून. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

ही चूक कोडइग्नायटर ४ ची अजिबात नाही. चार्सेट, म्हणजे जोडणीची अक्षरमाला, त्यातही बदलता येतो, एका ओळीचं काम आहे. पण नव्याने लिहिताना जुन्या साइटने काय काय गृहीत धरलं होतं ते आपल्यासमोर येतच नाही. कॉन्फिग नवी असते आणि तिच्या मूळ नोंदी शहाण्यासारख्याच दिसतात.

बागायतदारांच्या साइटला मी जुनी डेटाबेस कॉन्फिग जवळजवळ जशीच्या तशी ३ मध्ये नेली, फक्त ड्रायव्हर मायएसक्यूएलआय केला. लॅटिन-१ ची ओळ तिथेच होती, ती राहू दिली. साइट नव्या पीएचपीवर उभी राहिली, नावं नीट दिसली, ऑर्डरीही नीट नोंदल्या गेल्या. मग जूनमध्ये, पेट्या संपल्यावर, एकेक टेबल हातात घेतलं. रकाना आधी बायनरी, म्हणजे अक्षरमालेविना नुसते बाइट, करायचा, मग यूटीएफ-८ एमबी-४. मधली पायरी गाळून थेट रूपांतर केलं तर कचरा कायमचा कोरला जातो, म्हणून हे नेहमी प्रतीवरच आधी करून पाहा. सगळी टेबलं झाल्यावर शेवटी ती एक ओळ बदलली.

त्यातही एक अडथळा आलाच. पत्त्याचा एक रकाना ५० बाइटांचा होता. देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं, नुसत्या ‘श्री’ला १२ लागतात. म्हणजे त्या रकान्यात १६ चिन्हं पूर्ण बसतात आणि सतराव्याचे दोनच बाइट. अशा लटकत्या बाइटांवर रूपांतर अडून बसायचं. कुठल्या ओळीवर अडलं ते मायएसक्यूएल सांगतो. तिथला तुटका शेवट कापून टाकायचा आणि पुढे जायचं. बागायतदार काका शेजारी बसून विचारत होते, “माझ्या बागेचा नाव तरी शाबूत आसा मां?” होतं. त्या वेळी बदललेली गोष्ट एकच होती, त्यामुळे काही बिघडलं तर कुठे बघायचं हे मला ठाऊक होतं. अर्थात दुसऱ्या खेपेला मी आधीच पोळलेला होतो, त्याचाही वाटा यात आहे. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो.

३ च्या विरुद्ध सर्वांत वजनदार मुद्दा वयाचा आहे. शेवटचं ३.१.१३ मार्च २०२२ चं. माझ्याकडे ते पीएचपी ८.१ वर बिनबोभाट चाललं, पण ८.१ च्या सुरक्षा दुरुस्त्याही डिसेंबर २०२५ अखेर थांबल्या. ८.२ पासून डायनॅमिक प्रॉपर्टीच्या (क्लासात आधी न सांगता ऐनवेळी जोडलेल्या गुणधर्मांच्या) सूचनांनी लॉग भरतो. त्या सूचनाच आहेत, साइट पडत नाही, आणि गाभ्यातल्या क्लासांवर परवानगीचं ॲट्रिब्यूट लावलं की गप्प होतात. तरी हे कायमचं घर नाही हे मालकाला आधीच सांगायला हवं. मी काकांना सांगितलंय.

म्हणून साइटवर ऑनलाइन पैसे घेतले जात असतील, ग्राहकांची खाती असतील, किंवा जुन्या कोडमध्ये ग्राहकाने टाइप केलेला मजकूर थेट जोडून क्वेरी हाताने लिहिलेल्या असतील, तर मी स्वतःही ४ चा विचार आधी करेन. ३ वर गेल्याने असल्या क्वेरींची भोकं बुजत नाहीत. लारावेल हे दुसरं पीएचपी फ्रेमवर्क चांगलंच आहे, पण शेअर्ड होस्टिंगवरच्या छोट्या साइटला ते मला जड वाटतं. आणि साइट म्हणजे चार पानं नि एक नकाशा असेल तर फ्रेमवर्क काढून साधं एचटीएमएल ठेवा; वर्डप्रेसही नको.

काम कधी काढायचं तेही ठरवा. आंब्याच्या साइटला हात लावायचा तो जूनपासून पुढे. किनाऱ्यावरच्या निवासांनाही पावसामुळे किल्ल्याच्या होड्या बंद असतात तेच महिने बरे. फक्त त्या दिवसांत आपल्याकडे वीज जाते, म्हणून टेबलांची रूपांतरं सर्व्हरवर ‘स्क्रीन’ सेशनमध्ये (आपली जोडणी तुटली तरी काम चालू ठेवणाऱ्या) चालवा, घरच्या जोडणीवर विसंबू नका.

निर्णयाआधी दहा मिनिटांची एक तपासणी करा. डेटाबेस ब्राउझरमधून बघायच्या पीएचपीमायॲडमिनमध्ये ग्राहकांचं टेबल उघडा. साइटवर नीट दिसणारं नाव तिथेही देवनागरीत दिसलं, तर ४ ची वाट तुम्हाला मोकळी आहे, बाकीच्या सोयी बघून ठरवा. तिथे तिरक्या रेघेचा ए दिसला, तर त्या नावाचा हेक्स, म्हणजे साठवलेल्या बाइटांचे आकडे, काढा आणि रकान्याची अक्षरमाला बघा. रकाना लॅटिन-१ आणि सुरुवात ई०ए४ अशी असेल, तर बाइट शाबूत आहेत आणि वर सांगितलेली दोन पायऱ्यांची रीत चालेल. सुरुवात सी३ए० अशी असेल तर कुणीतरी आधीच एकदा रूपांतर करून ठेवलंय, ते आधी उलटवावं लागेल. दोन्ही वेळा बॅकअप लॅटिन-१ जोडणी सांगून घ्या, आणि तोवर तरी जुनी डेटाबेस कॉन्फिग सोबत घेऊन ३ वरच जा.