दिविसोरिया की बाक्लारान? मनिलात एकच सकाळ हाताशी असेल तर

मनिलात स्वस्तात खरेदी करायची म्हटलं की दोन बाजारांची नावं पुढे येतात, दिविसोरिया आणि बाक्लारान. दोन्हीकडे ताडपत्र्या आणि रंगीबेरंगी छत्र्यांखाली रस्त्यावरच मांडलेला माल, तीच गर्दी, तोच घाम आणि तीच घासाघीस. खिशात सुट्टे पेसो हवेत आणि सॅक पाठीऐवजी पोटावर हवी, हे दोन्हीकडे लागू. हे तुम्हाला माहीत असेलच, म्हणून थेट फरकावर येतो.

भावात दिविसोरियाचा हात धरणारं कुणी नाही, हे मान्यच करायला हवं. शहरातल्या कितीतरी छोट्या दुकानदारांचा माल इथूनच उचललेला असतो. कापडासाठी इलाया स्ट्रीट, रिबिनी आणि वाढदिवसाच्या सजावटीसाठी ताबोरा, आणि बाकी जे सुचेल त्यासाठी रेक्तो आणि हुआन लुना हे रस्ते. पाऊस आलाच तर १६८ किंवा ९९९ मॉलमध्ये शिरायचं. तुतुबान सेंटर तर जुन्या रेल्वे स्टेशनाभोवतीच उभं राहिलंय. १८९२ मध्ये पूर्ण झालेल्या मनिला-दागुपान रेल्वेचं ते स्टेशन. भूक लागली तर बिनोंदो शेजारीच आहे, १५९४ पासूनची चिनी वस्ती. म्हणजे नुसतं हिंडायचं असेल तर दिविसोरियाच सरस.

पण मला हिंडायचं नव्हतं. घरच्या प्रत्येकासाठी एकेक वस्तू घ्यायची होती, आणि तिथेच घोडं अडलं.

दिविसोरियात तुम्ही 'मगकानो?', म्हणजे केवढ्याला, असं विचारलं की उत्तरात भाव येत नाही, उलट प्रश्न येतो: 'इलान?' किती हवेत? एक म्हटलं की विक्रेतीचा चेहरा पडतो. ती कॅल्क्युलेटरवर एक आकडा मारून तुमच्यापुढे धरते. मग तो पुसून दुसरा मारते आणि तीन बोटं वर करते. तीन घेतले तर हा भाव. डझन घेतले तर आणखी खाली. ज्या भावासाठी दिविसोरियाचं एवढं नाव आहे, तो हा दुसरा-तिसरा आकडा. एकट्यादुकट्या गिऱ्हाइकाला मिळणारा भाव मला तरी बाक्लारानपेक्षा फारसा कमी वाटला नाही. बरं, ते तीनही बहुतेकदा एकाच डिझाइनचे हवेत. वीस किलोंच्या बॅगेत एकाच छापाचे तीन-तीन टी-शर्ट कोंबून न्यायचे आणि तीन भाच्यांना बँडवाल्यांसारखं सजवायचं, हे काही मला पटेना. दर दुकानात तेच: इलान, कॅल्क्युलेटर, तीन बोटं. तासाभराने डोकं उठतं. लग्नकार्याला द्यायच्या वस्तू घ्यायच्या असतील किंवा ऑफिसभर वाटायच्या असतील, तर मात्र हेच तुमच्या पथ्यावर पडेल.

बाक्लारानला हा जाच नाही, निदान मला तरी झाला नाही. एक गाऊन (त्यांच्याकडे 'दास्तेर' म्हणतात), एक पडदा, एक चपलांचा जोड, काहीही सुटं मागा. घालून बघायची सोय फारशी नाहीच, पण विक्रेती पॅंटची कंबर तुमच्या गळ्याभोवती लावून अंदाज सांगते, आणि तो बऱ्यापैकी बरोबर निघतो. घासाघीसही इथे जास्त रंगते, कारण भाव नगामागे असतो. 'आते' किंवा 'कुया', म्हणजे ताई किंवा दादा म्हणून हाक मारायची, हसत निम्मा सांगायचा आणि मध्ये कुठेतरी भेटायचं. सकाळी लवकर गेलात तर आणखी बरं. बोहनीचं गिऱ्हाईक सहसा रिकाम्या हाताने जाऊ देत नाहीत, आणि मिळालेली पहिली नोट सगळ्या मालावरून फटाफट आपटून घेतात.

आपला भारतीय चेहरा पाहून कुणी 'बुंबाय!' असं हसत म्हटलं तर दचकू नका. तिथे सगळ्याच भारतीयांना तसं म्हणतात. बाजारात पाच देऊन सहा वसूल करणाऱ्या सावकारीत आपले पंजाबी लोक जुने आहेत, त्यामुळे तुम्ही हप्ता मागायला आलात की काय, अशीही थट्टा होते.

बाक्लारानचं आणखी एक सुख म्हणजे बसायची जागा. बाजार ज्याच्या भोवती पसरलाय ते रिडेम्प्टरिस्ट चर्च चोवीस तास उघडं असतं. दारात संपागिताचे, म्हणजे आपल्या मोगऱ्याचे गजरे विकायला असतात. आत पंखे, बाकं आणि शांतता. दिविसोरियात फुकट टेकायला जागा शोधून दाखवा!

जाणं-येणंही इथे सोपं. एलआरटी-१ या शहरी रेल्वेच्या बाक्लारान स्टेशनावरून उतरलं की बाजारच. दिविसोरियासाठी दोरोतेओ होसे किंवा रेक्तो स्टेशनला उतरून पुढे जीपनी, म्हणजे तिथली जीपसारखी छोटी बस, पकडावी लागते, आणि रस्ता तुंबलेला असला की ती हलत नाही.

बाक्लारानची मोठी खोट एकच, बुधवार. त्या दिवशी चर्चमध्ये नोवेना, म्हणजे सामूहिक प्रार्थना असते. ही प्रथा १९४८ पासूनची, आणि भाविकांच्या लोंढ्यात पाय ठेवायला जागा मिळत नाही. गुरुवारी सकाळी जा. डिसेंबरात तर दोन्हीकडे नाताळची झुंबड असते, तेव्हा वार कुठलाही निवडा, फार फरक पडणार नाही.