फॉर्म तपासून मिळाला, रेफरी आमचे आम्हीच शोधले

लेकीच्या ब्रिटिश नागरिकत्वाच्या अर्जासाठी आम्ही मिल्टन कीन्समधल्या एका इमिग्रेशन सल्लागारांची ‘अर्ज तपासणी’ घेतली. दीडशे पौंड, एक बैठक, नंतर ईमेलवर शंका विचारायची मुभा. पाचपैकी तीन तारे देतेय. कागदपत्रांच्या कामाला साडेचार दिले असते, रेफरींच्या, म्हणजे लेकीला ओळखतो असं अर्जावर सही करून सांगणाऱ्या माणसांच्या, बाबतीत दोनही जड जातात. नाव टाकत नाही, कारण माझी तक्रार एका कार्यालयापुरती नाही. रेफरी मिळवून देण्याचं काम कुठलाच सल्लागार तुमच्यासाठी करू शकत नाही, आणि ही गोष्ट पैसे घेण्याआधी सांगायला हवी.

लेक साडेचार वर्षांची. जन्म इथलाच, पण तेव्हा आम्ही दोघं वर्क व्हिसावर, म्हणून जन्मतः नागरिकत्व नाही. आम्हाला आयएलआर, म्हणजे इथे कायम राहण्याची परवानगी, मिळाल्यावर १९८१ च्या ब्रिटिश नॅशनॅलिटी अॅक्टच्या कलम १(३) खाली तिची नोंदणी करता येते. फॉर्मचं नाव एमएन१. आम्ही भरली तेव्हा फी १,२१४ पौंड होती, आणि अर्ज नाकारला तर ती परत मिळत नाही. एवढी रक्कम पणाला लावण्याआधी दीडशे पौंड देऊन कुणीतरी जाणकार नजर फिरवावी, हा नवऱ्याचा हिशोब. मला तो पटला.

तपासणी चांगली झाली. बाई नोंदणीकृत सल्लागार आहेत, भिंतीवर प्रमाणपत्र लावलेलं. इथे नोंदणीशिवाय इमिग्रेशनचा सल्ला देणं हा गुन्हा आहे, तेव्हा कुणाकडेही जा, आधी ते बघा. ही नोंदणी पूर्वी ओआयएससीकडे असायची, २०२५ च्या जानेवारीपासून त्याच संस्थेचं नाव इमिग्रेशन अॅडव्हाइस ऑथॉरिटी झालंय. बाईंनी पूर्ण जन्मदाखला मागितला, आमचे आयएलआरचे पुरावे तारखांसकट जुळवले. लेक दहा वर्षांच्या आतली असल्यामुळे ‘गुड कॅरेक्टर’चा भाग तिला लागू नाही, हेही सांगितलं. (साडेचार वर्षांच्या मुलीचं कॅरेक्टर तपासायला कुणी आलंच असतं तर भिंतीवरच्या स्केचपेनच्या रेघा दाखवल्या असत्या.)

मग शेवटचं पान आलं. “दोन रेफरी लागतील, ते तुम्ही बघा.” मी म्हटलं, तुम्हीच सही करा ना, आमची सगळी कागदपत्रं तर तुमच्यासमोर आहेत. त्या हसल्या. अर्जात मदत करणारा सॉलिसिटर किंवा एजंट रेफरी होऊ शकत नाही. नातेवाईक नको, होम ऑफिसमध्ये, म्हणजे इथल्या गृहखात्यात, नोकरी करणारा नको, आणि दोन्ही रेफरी एकमेकांचे नातेवाईक असलेलेही चालत नाहीत. या शेवटच्या अटीने आमची सगळ्यात सोपी योजना गेली. समोरच्या घरातलं जोडपं, दोघंही ब्रिटिश, दोघंही लेकीला चांगलं ओळखतात, पण नवरा-बायको असल्यामुळे त्यांच्यातलं एकच चालणार. हे सल्लागार बाईंनी वेळेवर सांगितलं, त्याचे गुण मी कापत नाही.

रेफरींची जोडी अशी हवी: एक, मुलाशी आपल्या कामानिमित्त संबंध आलेली व्यावसायिक व्यक्ती, म्हणजे शिक्षिका, हेल्थ व्हिजिटर, सोशल वर्कर, धर्मगुरू वगैरे. ही व्यक्ती कुठल्याही देशाची असली तरी चालते. दुसरा रेफरी ब्रिटिश पासपोर्टधारक हवा, आणि एकतर व्यावसायिक किंवा पंचविशीच्या पुढचा.

वाचायला सोपं आहे. आता साडेचार वर्षांच्या मुलीच्या ओळखीपाळखीच्या माणसांची यादी करून बघा. जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात, ती वर्षाकाठी घसा दुखला म्हणून जाते, दर वेळी वेगळा डॉक्टर. रिसेप्शनवर विचारलं, तर असली कामं एनएचएसमध्ये, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेत, येत नाहीत, खासगी फी पडेल, आणि डॉक्टर हो म्हणतीलच असं नाही. तो विषय तिथेच संपला. हेल्थ व्हिजिटर कागदावर अगदी योग्य वाटते. जन्मानंतर दहा ते चौदा दिवसांत घरी येते, मग सहा-आठ आठवड्यांनी, मग एक वर्षाची तपासणी, मग दोन ते अडीच वर्षांची. पण आमच्या रेड बुकात (मुलाच्या आरोग्याच्या नोंदवहीत) प्रत्येक भेटीखाली वेगळी सही आहे, आणि त्यातली एकही बाई आज आम्हाला रस्त्यात ओळखणार नाही. शाळा नुकतीच सुरू झालेली, रिसेप्शन या पहिल्या वर्गाच्या बाई लेकीला सप्टेंबरपासून ओळखतात. मोठ्यांच्या अर्जात रेफरी किमान तीन वर्षं ओळखणारा असावा लागतो. मुलीसाठीही जुनी ओळख असावी असं आम्हाला वाटत होतं, म्हणून सल्लागार बाईंना विचारलं. उत्तर आलं, “जितकी जुनी तितकी बरी.” दीडशे पौंडांत याहून नेमकं काही मिळायला हवं होतं.

शेवटी नर्सरी. इथल्या नर्सरीत प्रत्येक मुलामागे एक ‘की पर्सन’, म्हणजे त्याच्याकडे खास लक्ष देणारी व्यक्ती, असावीच लागते. लेकीची की पर्सन मध्येच नोकरी सोडून गेली, त्यांच्याकडे माणसं टिकतच नाहीत. पण मॅनेजर तीच होती, लेक बेबी रूममध्ये रांगत होती तेव्हापासूनची. रोमानियाची आहे. नवरा म्हणाला, हिच्याकडे ब्रिटिश पासपोर्ट कुठे? त्याला नियमाची ओळ पुन्हा वाचून दाखवली. पहिल्या रेफरीला तो लागत नाही, आणि बहुतेक लोक नेमकी हीच ओळ नजरेआड करतात. मॅनेजरने हेड ऑफिसला ईमेल करून परवानगी मागितली, ती आली, आणि तिने सही केली. पत्ता तिने नर्सरीचा लिहिला, हुद्दा ‘नर्सरी मॅनेजर’. तुमचं मूल अजून नर्सरीत असेल तर शाळा सुरू होण्याची वाट न बघता तिथेच विचारा. एकदा मूल तिथून निघालं की ओळख जुनी होते, पण ईमेलला उत्तर यायचं बंद होतं.

दुसऱ्या रेफरीने जास्त छळलं. आमच्या मराठी मित्रमंडळात डॉक्टर आहेत, इंजिनिअर आहेत, एक चार्टर्ड अकाउंटंटही आहे, आणि बहुतेकांच्या खिशात भारताचाच पासपोर्ट. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्यामुळे आयएलआर घेऊन तिथेच थांबलेले बरेच जण असतात. आम्हीही त्यातलेच. लेकीचा भारतीय पासपोर्ट सरेंडर करून तिचं ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं कार्ड) काढायचं, तो आणखी वेगळा कागदांचा ढीग.

समोरच्या घरातला नवरा सही द्यायला तयार होता. फॉर्मवर जन्मतारीख, पत्ता आणि पासपोर्टचा नंबर लिहायचाय हे सांगितल्यावर मात्र चेहरा बदलला. “पासपोर्ट नंबर कशाला?” त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. माझ्याकडे कुणी असा कागद घेऊन आलं असतं तर मीही आधी घरात विचारलं असतं. वर तिथे छापलेलं असतंच की जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर त्याच कायद्याच्या कलम ४६ प्रमाणे दंड किंवा तुरुंगवास होऊ शकतो. आपल्याला ती ओळ रोजची, त्याला ती पहिल्यांदाच दिसत होती. म्हणून सांगते, माणसाला विचारताना कोरं पान आधी पाठवा, काय काय भरायचंय ते दिसू दे, मग हो-नाही विचारा. सहीच्या दिवशी धक्का नको.

सही केली ती मागच्या गल्लीतल्या गुजराती काकांनी. १९७२ मध्ये कंपालाहून कुटुंबाबरोबर इथे आले, पुढे वर्तमानपत्रांचं दुकान चालवलं, आता निवृत्त. लेकीला मी बाबागाडीतून नेत होते तेव्हापासूनची ओळख. ती त्यांना दादाजी म्हणते, पण नातं काही नाही, त्यामुळे अडचणही नाही. पासपोर्ट बघितला तर मुदत संपलेली. सल्लागार बाई म्हणाल्या, चालू पासपोर्टच घ्या. काका म्हणाले, “बेटा, मला राजकोटला जायचंच आहे, आधी तो करून घेतो.” नवा पासपोर्ट येईपर्यंत थांबलो. दुसरं कुणी शोधत बसण्यापेक्षा ते बरं.

सहीची रीत सरळ आहे. ऑनलाइन अर्ज भरून झाला की रेफरीचं पान छापायचं, त्यावर मुलाचा फोटो, रेफरीने हाताने माहिती भरून सही करायची, आणि ते पान स्कॅन करून बाकी कागदांबरोबर चढवायचं. फोटो एकाच वेळी काढलेले जास्तीचे ठेवा, काकांनी एकावर चहाचा कप ठेवला होता.

एक गोंधळ मात्र सगळीकडे दिसतो. नागरिकत्वाचा रेफरी आणि पुढे पासपोर्टच्या अर्जावर सही करणारा काउंटरसिग्नेटरी यांच्या अटी वेगळ्या आहेत. पासपोर्टसाठी ओळख मुलाची नाही, अर्जावर सही करणाऱ्या आई किंवा वडिलांची लागते, किमान दोन वर्षांची. तिथे आयरिश पासपोर्टही चालतो, आणि माणूस एखाद्या मान्य व्यवसायातला किंवा त्यातून निवृत्त झालेला असू शकतो. आमच्या शेजारच्या बाई डब्लिनच्या, निवृत्त शिक्षिका. नागरिकत्वाला ब्रिटिश पासपोर्टची अट असल्यामुळे त्या दुसऱ्या रेफरी होऊ शकल्या नाहीत, पासपोर्टसाठी मात्र त्या आमच्या आधीच ठरलेल्या आहेत. मी दोन्ही अर्जांच्या अटी शेजारी शेजारी लिहून काढल्या, मगच कोणाकडे काय मागायचं ते ठरलं. हे काम सल्लागारांनी एका पानाचं पत्रक छापून केलं असतं तर मी तारा वाढवला असता.

त्यांच्याकडे जायचं झालं तर कागद तपासायला जा, रेफरी आधी ठरवून, दोघांचीही नावं आणि हुद्दे कागदावर लिहून न्या आणि ‘ही जोडी चालेल का?’ एवढंच विचारा. तेवढ्यावर त्या चोख उत्तर देतात. ईमेलला दुसऱ्या दिवशी उत्तर येतं, फोन मात्र दुपारनंतर उचलत नाहीत, आणि कार्यालयाखालचं पार्किंग कौन्सिलचं आहे, त्याचे पैसे वेगळे.